उष्णतेची ने-आण

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागले की पन्नास किलोमीटरांच्या आतच नळदुर्गचा किल्ला लागतो. धाराशिव जिल्ह्यातला, तुळजापूर तालुक्यातला हा किल्ला. बुरुज, खंदक आणि तोफा पाहावयाच्या तर महाराष्ट्रात त्यांना तोटा नाही. नळदुर्गची ख्याती निराळ्याच गोष्टीसाठी आहे. येथे बोरी नदीवर काठापासून काठापर्यंत दगडी धरण बांधलेले असून त्या धरणाच्या पोटातच एक महाल आहे. विजापूरचा दुसरा इब्राहीम आदिलशहा राज्य करीत असताना, इसवी सन १६१३ च्या सुमारास, मीर इमादीन नावाच्या माणसाने हे काम केले. तेथील फारसी शिलालेखात त्याचे नाव आहे. बांधणाऱ्याचे नाव दगडावर राहावे हे भाग्य आपल्याकडे थोड्यांच्याच वाट्याला आले.

पावसाळ्यात धरण भरले की 'नर' आणि 'मादी' या दोन सांडव्यांवरून पाणी खाली कोसळू लागते. दोन प्रपातांच्या मधल्या भिंतीत महालाची दालने आहेत. बाहेर पाण्याचा गडगडाट चालू असतो आणि आत बसलेला माणूस कोरडा असतो. लोक हे नवल पाहावयास जातात ते योग्यच आहे. पण वास्तू पाहताना आणखी एक प्रश्न मनात आला पाहिजे. चाळीस अंशांच्या या मुलखात दगडाचे दालन थंड राहते, तेव्हा तेथली उष्णता जाते कोठे?

उत्तर साधे आहे. उष्णता नष्ट होत नाही. ती एका जागेवरून उचलावी लागते आणि दुसरीकडे नेऊन टाकावी लागते. नळदुर्गला हे हमालीचे काम पाणी करते. जाड दगडी भिंत दिवसाची झळ आत पोचू देत नाही. धरणात साठलेले पाणी दगडाची उष्णता शोषते. उडालेले तुषार वाफ होताना हवेतील उष्णता घेऊन जातात. एक लिटर पाणी आपल्याकडच्या हवेत सुकले तर ते सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर नेते. मातीचा माठ, वाळ्याची ताटी आणि घरोघरचा कूलर याच एका हिशेबावर चालतात.

परंतु पाण्याला घरात बोलवावयाचे तर त्याला धाकातही ठेवावे लागते. ज्या पाण्याने महाल थंड होतो तेच पाणी एखाद्या फटीतून शिरले तर महाल बुडवील आणि धरणही फोडील. गारवा देणारी वस्तू आणि घात करणारी वस्तू एकच असते, हे पाणीमहालाच्या बांधणीमागचे खरे भान आहे. पुढचा सारा इतिहास याच भानाचा आणि ते सुटल्याच्या परिणामांचा आहे.

सामान्य माणसाला धरणात महाल बांधणे परवडणारे नव्हते. त्याने माळवद बांधले. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचा जाड थर असे हे घर मराठवाड्याच्या उन्हाला उत्तम उत्तर होते. छत गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी वर पांढरी माती टाकावयाची ही घरधन्याची निगा. पिढ्यान् पिढ्या मातीवर माती चढत गेली. थर जसा जाड झाला तसे घर थंड राहिले, आणि तसेच ते जडही झाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. सास्तूरसारखी गावे या जिल्ह्यातलीच. मातीत मांडलेल्या दगडी भिंती फुटल्या आणि वरचे ओझे झोपलेल्यांच्या अंगावर आले. निगा होती, पण निगेने वजन किती वाढले याची नोंद ठेवणारे कोणी नव्हते.

भूकंपानंतर नवी घरे उभी राहिली. ती हलकी आणि मजबूत झाली, पण पातळ छताखाली ऊन थेट आत येते. मग पंखा आला, कूलर आला, आणि ज्यांना परवडले त्यांच्या भिंतीवर वातानुकूलन यंत्र आले. हे यंत्र म्हणजे शास्त्रज्ञांच्या भाषेत हीट पंप, उष्णता उपसणारा पंप. विहिरीवरचा पंप खालचे पाणी वर चढवतो. हा पंप गार जागेतली उष्णता गरम जागेत चढवतो. आत फिरणारा द्रव कमी दाबाखाली उकळतो आणि उकळताना खोलीतील उष्णता घेतो. कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबतो, ती तापते, बाहेरच्या जाळीत उष्णता सोडून पुन्हा द्रव होते. दिशा उलटी केली की हेच यंत्र बाहेरची उष्णता आत आणते आणि खोली किंवा आंघोळीचे पाणी तापवते. एक युनिट वीज खर्चून साधारण तीन युनिटांइतकी उष्णता हाती येते, कारण विजेने उष्णता निर्माण करावयाची नसून फक्त वाहून आणावयाची असते. बंद न्हाणीघरातल्या गॅस गीझरच्या धुराने माणसे दगावतात. येथे ज्योतच नसल्याने ते भय नाही.

या कल्पनेला जुना वंश आहे. विल्यम कलेन याने अठराव्या शतकाच्या मध्यास स्कॉटलंडमध्ये निर्वातात ईथर उकळवून गारवा निर्माण करून दाखवला. जेकब पर्किन्सने १८३४ मध्ये वाफ दाबून थंडी करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. अशा यंत्राने घर तापवताही येईल हे लॉर्ड केल्विनने १८५२ मध्ये सांगितले. आणि १९३७–३८ साली झुरिकच्या नगरभवनात असा पंप बसला. ते नगरभवन लिमात नदीच्या पात्रावरच उभे आहे. पंप नदीतली उष्णता घेई आणि सभागृह ऊबदार करी. बोरी नदीने नळदुर्गचे दालन थंड केले, लिमातने झुरिकचे दालन तापवले. दोन्हीकडे नदी हीच हमाल.

यंत्रात मात्र हमाल बदलला, आणि तो पाण्याइतका सोज्वळ नव्हता. सुरुवातीच्या शीतकपाटांत अमोनिया, सल्फर डायॉक्साइड, मिथिल क्लोराइड असे विषारी वायू असत. बर्लिनमधील एक कुटुंब असा वायू गळून मरण पावल्याची बातमी वाचून आइन्स्टाइन आणि लिओ सिलार्ड यांनी १९२६ पासून हलते भाग नसलेल्या, म्हणून गळावयास जागाच नसलेल्या शीतकपाटावर काम केले असे सांगतात. त्यांना अमेरिकेत १९३० मध्ये पेटंटही मिळाले. त्याच साली थॉमस मिजली याने फ्रेऑन नावाचा नवा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकरीने मेणबत्ती विझवून दाखवली. विष नाही, आग नाही! जगाने सुटकेचा निःश्वास टाकला. पुढे १९७४ मध्ये मोलिना व रोलंड यांनी हे वायू ओझोनचा थर खातात असे दाखवले, १९८५ मध्ये दक्षिण ध्रुवावरील ओझोनची घट उघड झाली आणि १९८७ मध्ये माँट्रियलचा करार झाला. त्यांच्या जागी आलेल्या वायूंपैकी बरेचसे पृथ्वी तापवणारे निघाले. त्यांना आवरण्यासाठी २०१६ मध्ये किगालीला दुरुस्ती झाली आणि भारताने ती २०२१ मध्ये मान्य केली.

आता आलेले वायू पृथ्वीला कमी जाचक आहेत, पण ज्योतीला मित्र आहेत. आर-३२ हा सौम्य ज्वलनशील आहे. आर-२९० म्हणजे प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमधलाच एक घटक. ओझोनचे भय टाळावे तर आगीचे भय पत्करावे लागते. म्हणून आज हा प्रश्न प्रयोगशाळेतून निघून शिडीवर चढलेल्या मेकॅनिकच्या हाती आला आहे.

त्याने काय पाळावे? प्रथम, यंत्रावर लिहिलेल्या वायूखेरीज दुसरा भरू नये. जुन्या यंत्रात प्रोपेन घालणे म्हणजे घरात सुरुंग ठेवणे होय. गळती तपासताना नळीत कोरडा नायट्रोजन भरावा. ऑक्सिजन कधीही नाही, कारण कॉम्प्रेसरच्या तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. भट्टी लावण्यापूर्वी वायू पूर्ण काढून घ्यावा, तोही हवेत न सोडता सिलिंडरमध्ये. नळीतली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने काढावी, आणि वायू अंदाजाने न भरता काट्यावर तोलून भरावा. प्रोपेन हवेहून जड असतो, जमिनीलगत साचतो; म्हणून काम करताना दारे-खिडक्या उघड्या हव्यात आणि विडी-काडी दूर हवी. वीज तोडल्यानंतरही कॅपॅसिटरमध्ये झटका शिल्लक असतो. आणि अर्थिंग! पत्र्याची पेटी, पाणी आणि वीज ही तिन्ही एकत्र आली की कूलर किती सहज जीव घेतो, हे मराठवाड्यास सांगावयास नको.

यातले काहीही अवघड नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून हे शिकवलेही जाते. अवघड असते ते दुपारच्या उन्हात, दहा घरे बाकी असताना, घरधनी 'लवकर उरका' म्हणत असताना हे सारे पाळणे. तेव्हा थोडी जबाबदारी घरधन्याचीही आहे. अर्ध्या तासात गॅस भरून देणारा स्वस्त, आणि दोन तास गळती शोधणारा महाग, असे मानणाऱ्याने माळवदावरच्या मातीची आठवण ठेवावी. तेथेही दर वर्षीचे काम झालेच होते. नोंद तेवढी नव्हती.

एका कागदाने पुष्कळ काम होईल. कोणता वायू, किती ग्रॅम, कोणी व केव्हा भरला, गळती कोठे सापडली, हे लिहून तो कागद यंत्राच्या आतल्या बाजूला चिकटवावा. पुढच्या वर्षी येणाऱ्या अनोळखी मेकॅनिकला झाकण उघडताच कळेल की आपण कोणत्या वायूशी बोलत आहोत. मीर इमादीनचे नाव चारशे वर्षे दगडावर राहिले. घरच्या यंत्राला तेवढे आयुष्य नाही, पण त्याच्या दहापंधरा वर्षांत त्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाचे नाव त्यावर असावयास काय हरकत आहे?