जुन्या तबकड्यांचे संपादन

जुन्या ग्रंथाचा पाठ कसा शुद्ध करावा याचा विचार महाराष्ट्रात चारशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या पाठाची शुद्धी केली आणि पुढे कोणी तीत पदरची ओवी घालू नये असे बजावून ठेवले. राजवाड्यांनी १९०९ साली आपल्याला सापडलेली ज्ञानेश्वरीची प्रत छापली, तेव्हा तो पाठ कितपत जुना यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली. पण गोदावरीच्या याच काठी बसून आम्ही जेव्हा एखाद्या दिवंगत गवयाची जुनी तबकडी नव्या यंत्रावर ऐकतो, तेव्हा हा पाठ कोणी सिद्ध केला, कोणत्या प्रतीवरून केला आणि त्यात काय गाळले, हे आम्ही कधी विचारीत नाही. तबकडी म्हणजे प्रत्यक्ष गवईच, अशी आमची समजूत असते. ती खरी नाही.

हिंदुस्थानात तबकडीसाठी गाणे प्रथम उतरवून घेतले गेले ते १९०२ च्या नोव्हेंबरात, कलकत्त्यास. फ्रेड गाइसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा माणूस यंत्र घेऊन आला होता, आणि गौहरजान त्याच्या कर्ण्यापुढे गायिली. त्या काळी वीज नव्हती, मायक्रोफोन नव्हता. गवयाने कर्ण्यात तोंड घालावे, आवाजाच्या जोराने पडदा हलावा, सुईने मेणावर रेघ ओढावी, असा तो प्रकार. खालचे आणि वरचे नाद त्या कर्ण्यात शिरतच नसत. दहा इंची तबकडी सुमारे तीन मिनिटांची, बारा इंची साडेचारांची. एवढ्यात जो राग मांडायचा तो मांडावा. मेणाचे साचे जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि छापून परत येत. १९०८ साली कलकत्त्यातच सियालदहला कारखाना निघाला, तेव्हा कुठे ही यात्रा संपली. तबकडीचे द्रव्य मात्र मुळात आपलेच होते, ते म्हणजे लाख. तिच्यात दगडाची भुकटी मिसळीत, ती पोलादी सुई घासून खाचेच्या आकाराची व्हावी म्हणून. जुन्या तबकडीची ती प्रसिद्ध खरखर या भुकटीची आहे. ती काळाने आणलेली नाही, जन्मापासूनचीच आहे.

आता ही तबकडी आजच्या श्रोत्यांसाठी पुन्हा काढायची झाली की संपादकापुढे पहिला प्रश्न येतो तो वेगाचा. मिनिटाला ७८ फेरे हा आकडा सर्वांच्या तोंडी आहे, परंतु आरंभीच्या काळात तो कोणी कसोशीने पाळलेला नव्हता. कोणी सत्तरच्या आसपास फिरवी, कोणी ऐंशीच्या वर. वेगात शेकडा सहाचा फरक पडला की सारे गाणे अर्ध्या स्वराने सरकते. काळी एकचा षड्ज पांढरी दोनवर जातो. आवाज बारीक होतो, तान अधिक चपळ वाटते, आणि ऐकणारा म्हणतो, काय तो जुन्या लोकांचा गळा! अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या १९०५ च्या सुमाराच्या आहेत आणि १९३४ नंतरच्याही आहेत. पहिल्या कर्ण्यापुढच्या, दुसऱ्या मायक्रोफोनपुढच्या. त्यांत जो फरक ऐकू येतो तो किती गळ्याचा, किती यंत्राचा आणि किती चुकीच्या वेगाचा, हे ठरविल्याशिवाय त्यांच्या गायकीच्या वाढीविषयी बोलणे धाडसाचे आहे. तबकडीवरून तालीम उचलणाऱ्या विद्यार्थ्यांची पिढी आपल्याकडे होऊन गेली, अजूनही आहे. म्हणून ही गोष्ट केवळ पंडितांच्या वादाची नाही.

याच कामाची दुसरी शाळा अमेरिकेच्या जॅझ संगीतात भरली. जॅझची पहिली तबकडी १९१७ ची. १९२३ साली किंग ऑलिव्हरच्या वाद्यवृंदाने इंडियाना प्रांतातील रिचमंड गावी ध्वनिमुद्रण केले, तेव्हा लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट इतका जबर वाजे की त्याला कर्ण्यापासून दूर उभे केले होते, असे त्याचे सोबती सांगत. मोठा ढोल तर वर्ज्यच, कारण त्याच्या ठोक्याने सुई खाचेतून उडे. ढोलकऱ्याने लाकडी ठोकळ्यांवर भागवायचे. अशा तबकड्यांचे पुनर्मुद्रण करण्यात जॉन डेव्हिस या इंग्रजाने जन्म घालविला. सुईच्या खटक्यांच्या जागी तो फितीवरचा लेप पात्याने खरवडून काढीत असे, एकेक खटका, तासन् तास. उलट १९८० नंतर रॉबर्ट पार्करने त्याच तबकड्यांना घुमारा दिला आणि दोन बाजूंच्या दोन कर्ण्यांतून वाद्ये वेगळी ऐकू येतील असे केले. लोक खूष झाले, जाणकार चिडले. आमचे मत जाणकारांच्या बाजूचे आहे. पार्करने पदरची ओवी घातली.

हा जॅझ आपल्याला परका आहे असे मात्र कोणी समजू नये. १९३५ पासून मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड हे निग्रो वादक वाजवीत होते, आणि त्यांच्या हाताखाली गोव्याची मुले तयार झाली. त्यांपैकी चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो शाव्हियेर वाझ, हा ट्रंपेटवाला पुढे आमच्या शेजारच्या नगर जिल्ह्यातील पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचा साथीदार झाला. 'अलबेला' (१९५१) मधला तो पितळी झगमगाट तिथून आला.

जॅझच्या संपादकाला एक सोय आहे ती आपल्याला नाही. पियानोचा आणि ट्रंपेटचा स्वर ठरलेला असतो. तबकडी चुकीच्या वेगाने फिरली तर तो तत्काळ साक्ष देतो. आपल्या गवयाचा षड्ज त्याच्या गळ्याच्या मर्जीचा. साथीला पेटी असेल तर तिच्या पट्टीवरून काही ताळा लागतो. ज्या पेटीला आमच्या शास्त्रकारांनी इतकी नावे ठेवली ती येथे उपयोगी पडते, ही थोडी गमतीचीच गोष्ट आहे. नुसती सारंगी असेल तर साक्षीदारच नाही.

खरखरीचा प्रश्न याहून नाजूक. आजचे गणकयंत्र खरखर ओळखते ती एका लक्षणावरून : सतत चालणारा, न बदलणारा, बारीक नाद. पण तंबोऱ्याच्या जव्हारीचे वर्णन याहून वेगळे काय करणार? १९२५ नंतर विजेचे ध्वनिमुद्रण आले, तेव्हा तंबोरा तबकडीवर थोडाबहुत उमटू लागला. यंत्राचा हात सैल सोडला की खरखरीबरोबर तोही जातो, आणि गवयाचा श्वासही. उरतो तो काचेच्या पेटीत ठेवल्यासारखा स्वच्छ, पोरका आवाज.

दत्तात्रेय विष्णु पलुसकरांचा जन्म १९२१ साली नाशिकचा. वडील विष्णु दिगंबर १९३१ साली गेले, आणि मुलाची तालीम विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास यांच्याकडे झाली. १९५५ च्या ऑक्टोबरात, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, ते वारले. म्हणजे आज जो कोणी पलुसकर ऐकतो तो बहुधा पुनर्मुद्रणातूनच ऐकतो : तीन मिनिटांच्या तबकड्या आणि आकाशवाणीच्या संग्रहातले थोडे दीर्घ गायन. दुसरी मैफल होणे नाही. त्या मोजक्या ठेव्यावर जो हात फिरवील त्याने काय केले हे वेष्टनावर छापले पाहिजे : तबकडीचा क्रमांक, घेतलेला वेग, वापरलेली प्रत, काढून टाकलेला भाग. आणि न साफ केलेली प्रतही कोठेतरी ऐकावयास ठेवली पाहिजे. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या तबकडी-संगाहकांच्या संस्थेने अशा नोंदींचे काम नियतकालिकातून चालविले. ते बहुतांशी हौशी माणसांनी पदरमोड करून केलेले आहे, कंपन्यांनी नव्हे.

पुष्कळ पुनर्मुद्रणांत गाणे संपताच आवाज हळूहळू विरवून टाकतात. गौहरजान आपल्या तबकडीच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचे नाव सांगते. तशी नावे त्या काळच्या अनेक गायक-गायिकांनी सांगितली आहेत. ती मिजास नव्हती. हॅनोव्हरच्या कारागिराला आपली भाषा येत नसे, कोणत्या साच्यावर कोणाचा कागद चिकटवायचा हे त्याला कळावे म्हणून ती सोय होती. ते शेवटचे दोन सेकंद कापले, की मग गाणारे कोण याला पुरावा राहतो तो फक्त त्या कारागिराने चिकटविलेल्या कागदाचा.