गव्हाच्या पापुद्र्यापुढचा पहारा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बारामती-इंदापूर भागात अखंड हरिनाम सप्ताह होत नाही असे गाव शोधावे लागेल. सप्ताहात काकड्यापासून काल्यापर्यंत पुष्कळ काही असते. पण मला नेहमी नवल वाटत आले ते वीणेच्या पहाऱ्याचे. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून उतरायची ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात. कोणी कोणत्या वेळी उभे राहायचे याचा कागद देवळाच्या खांबाला लावलेला असतो. मध्यरात्रीनंतरच्या वेळा बहुधा तरुण पोरांच्या वाट्याला येतात. त्या वेळी ऐकायला कोणी नसते, कीर्तनकारही झोपलेले असतात. तरी पहारा चालू असतो.

आज ज्या उपासनेविषयी बोलायचे आहे ती कॅथलिक ख्रिस्ती लोकांची. तिला ते ‘पवित्र साक्रामेंताची आराधना’ म्हणतात. आमच्या एमआयडीसीत कारखान्यांच्या निमित्ताने वसईची, गोव्याची, केरळची, नगरकडची माणसे येऊन राहिली आणि शेजारी झाली. त्यांच्या तोंडून ‘आराधनेचा तास’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. ज्या गावात दिवसाचे तीन भाग पाळ्यांनी पडतात, तिथे पाळीपाळीने करायची प्रार्थना समजायला वेळ लागत नाही.

वस्तू अगदी साधी आहे. गव्हाचे पीठ आणि पाणी, एवढेच. मीठ नाही, खमीर नाही. दोन तापलेल्या लोखंडी साच्यांत दाबून भाजलेली कागदासारखी पातळ, पांढरी चकती. ज्वारी-बाजरीच्या मुलखातही ती गव्हाचीच असावी लागते, असा चर्चचा नियम आहे. येशूने अटकेच्याच रात्री, अटकेपूर्वी, शिष्यांबरोबर जेवताना भाकर मोडून दिली आणि हे माझे शरीर आहे असे सांगितले. कॅथलिक श्रद्धा अशी, की मिस्सेत धर्मगुरू ते शब्द उच्चारतो तेव्हा ती भाकर केवळ खूण राहत नाही, ख्रिस्त तिथे खरोखर हजर असतो. मिस्सा संपल्यावर उरलेल्या चकत्या वेदीजवळच्या कुलूपबंद पेटीत ठेवतात. पेटीजवळ एक दिवा सतत तेवत असतो. त्याला आपला ‘नंदादीप’ हा शब्द तंतोतंत लागू पडतो. आराधनेच्या वेळी एक चकती सूर्यकिरणांच्या आकाराच्या सोनेरी पात्रात, काचेआड, सर्वांना दिसेल अशी ठेवतात. लोक समोर बसतात, गुडघे टेकतात, बराच वेळ कोणी काही बोलत नाही. शेवटी धूप दाखवला जातो. धर्मगुरू खांद्यावरच्या वस्त्राने हात झाकून ते पात्र उचलतो आणि त्यानेच लोकांवर क्रुसाची खूण करतो. हात झाकायचे कारण असे, की आशीर्वाद त्याचा नाही, पात्रातल्याचा आहे.

येशूने तर ‘खा’ म्हटले होते. मग बघत बसण्याची पद्धत कुठून आली? आपल्याकडे पंढरपूरला पदस्पर्शदर्शन असते आणि मुखदर्शन असते. ज्यांना रांगेत तासन् तास उभे राहणे जमत नाही ते लांबून मुख पाहतात आणि समाधानाने परततात. मध्ययुगीन युरोपात असेच काहीसे घडले. आपण पापी, आपली लायकी नाही, या भीतीने सामान्य लोक प्रसाद घेईनासेच झाले. इतके, की वर्षातून निदान एकदा तरी घ्याच, असा नियम १२१५ साली लॅटरन परिषदेला करावा लागला. खाणे कमी झाले तशी पाहण्याची ओढ वाढली. त्याच सुमारास मिस्सेत चकती डोक्यावर उंच धरून दाखवण्याची रीत रुळली आणि तेवढा क्षण गाठण्यासाठी लोक एका चर्चमधून दुसऱ्या चर्चमध्ये धावू लागले.

आज बेल्जियममध्ये असलेल्या लिएज गावी ज्युलियाना नावाची एक संन्यासिनी होती. तिला वारंवार एक दृश्य दिसे: पूर्ण चंद्र, आणि त्यावर एक काळा डाग. तिने अर्थ लावला, की चर्चच्या सणांच्या वर्षात एका सणाची उणीव आहे. १२४६ साली तिथल्या बिशपांनी हा सण आपल्यापुरता सुरू केला. पुढे त्याच धर्मप्रांतात पूर्वी काम केलेला एक धर्माधिकारी चौथा अर्बन या नावाने पोप झाला आणि १२६४ मध्ये त्याने ‘ख्रिस्तशरीराचा सण’ सगळ्या चर्चला लावून दिला. त्या दिवशी साक्रामेंताची मिरवणूक काढायची पद्धत पडली. सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट सुधारकांनी नेमका यावरच आक्षेप घेतला: भाकर खायला दिली आहे, मिरवायला नाही. नगरच्या अमेरिकन मराठी मिशनची परंपरा या सुधारकांकडून आलेली, म्हणून आपल्याकडच्या अनेक मराठी ख्रिस्ती घरांत ही आराधना मुळीच आढळत नाही. ‘ख्रिस्ती’ हा एकच शब्द वापरून आपण मोकळे होतो, पण आतली घरे वेगवेगळी आहेत. कॅथलिकांनी मात्र १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेत आराधना आणि मिरवणूक दोन्ही योग्यच असल्याचे ठणकावून सांगितले.

हा वाद युरोपात पेटलेला असतानाच पोर्तुगीज गोव्यात पाय रोवत होते. त्यामुळे गोव्यात आलेला हा सण नुसती भक्ती नव्हती, त्यात सत्तेचा डौलही होता. १५६७ च्या सुमारास साष्टीतील देवळे पाडली गेली. मंगेशी, शांतादुर्गा यांसारखी दैवते नदीपलीकडे फोंड्याच्या बाजूला हलवावी लागली. एका बाजूने देव गुपचूप गाव सोडत होते, दुसऱ्या बाजूने राजधानीच्या रस्त्यांवरून छताखाली साक्रामेंत मिरवत होता. हे दोन्ही एकाच काळातले आहे आणि एक सांगून दुसरे गाळणे बरोबर नाही. गोव्याच्या गावोगावच्या चर्चमध्ये साक्रामेंताचे बंधुसंघ आजही आहेत. पांढऱ्या झग्यावर लाल खांदेवस्त्र घालून ते मिरवणुकीत चालतात. कोणाला सभासद करायचे, यावरून त्यांत जातीची भांडणेही पुष्कळ झाली. धर्म बदलला, जात बदलली नाही.

पण पोर्तुगीज सत्तेलाही न जुमानणारा एकजण इथे होता, तो म्हणजे आपला पाऊस. युरोपात ख्रिस्तशरीराचा सण बहुधा जूनमध्ये येतो, आणि जूनमध्ये कोकणात सोनेरी पात्र घेऊन रस्त्यावर कोण निघणार? पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी १६२३ च्या एप्रिलात गोव्याला पोहोचला. गोव्यात ही मिरवणूक पावसाच्या भीतीने आधीच, ईस्टरनंतरच्या दिवसांत उरकून घेतात, असे त्याने आपल्या पत्रात नोंदवले आहे. रोमचे पंचांग मोसमी वाऱ्यांपुढे असे नमले. आमच्या भागातून तुकोबांची पालखी नेमकी याच दिवसांत जाते; बेलवाडीचे रिंगण, निमगाव केतकीचा मुक्काम, आणि पाऊस आला तर तो शुभशकुन! अर्थात बारामतीचा पाऊस आणि गोव्याचा पाऊस यांत फरक आहे, हे पोर्तुगीजांच्या बाजूने मान्य केले पाहिजे. पुढे अकराव्या पायसने १९२५ मध्ये ‘ख्रिस्तराजाचा सण’ सुरू केला. तो आधी ऑक्टोबरअखेर येई, आता नोव्हेंबरअखेर येतो. पाऊस सरलेला असतो. भारतात अनेक ठिकाणी साक्रामेंताची मोठी मिरवणूक त्याच सुमारास निघते, ती सोयीचीही असते.

याच काळात राशोलला फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट मराठी ओव्या रचत होता. १५७९ मध्ये तो गोव्यात आला. त्याचे जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. मिस्सा लॅटिनमध्ये, कोणालाच न समजणारी. तिथे डोळ्यांना साक्रामेंत मिळाला होता. कानांना मराठी मिळाली ती स्टीफन्समुळे. माझ्या मते मूक आराधना इथे सहज रुजली याचे एक कारण हेच, की तिला भाषांतर लागत नव्हते. शिवाय दिवा, धूप, घंटा आणि दर्शन हे इथल्या माणसाला शिकवावे लागले नसणार.

घाटावर हा धर्म वेगळ्या वाटेने आला. पेशव्यांच्या सैन्यात गोव्याकडचे कॅथलिक शिपाई आणि अंमलदार होते. त्यांच्यासाठी सवाई माधवरावांच्या कारकीर्दीत, १७९२ साली, पुण्यात चर्चला जागा मिळाली. क्वार्टर गेटजवळचे सिटी चर्च ते हेच. ज्या पेशवाईने १७३९ मध्ये वसई घेतली तिनेच ही जागा दिली. पुणे धर्मप्रांत १८८६ चा. बारामती-इंदापूर त्यातच येतात.

आता मुंबईच्या १९६४ सालाकडे यायला हवे, कारण ही उपासना भारतात सर्वांच्या डोळ्यांपुढे आली ती तेव्हा. साक्रामेंताच्या सन्मानासाठी जगभरच्या कॅथलिकांनी जमायचे, अशी परिषद १८८१ पासून भरत आली आहे. पहिली फ्रान्समधल्या लील गावी झाली. अडतिसावी मुंबईला ओव्हल मैदानावर झाली, २८ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर १९६४. यजमान कार्डिनल व्हॅलेरियन ग्रेशिअस, भारताचे पहिले कार्डिनल. २ डिसेंबरला सहावे पॉल एअर इंडियाच्या विमानाने सांताक्रूझला उतरले. कोणताही पोप भारतात येण्याची ही पहिली वेळ. स्वागताला पंतप्रधान लालबहादूर शास्त्री होते. लोटलेली गर्दी सगळी ख्रिस्ती नव्हती, बहुतेक माणसे दर्शनाला आली होती. विरोधही झाला. धर्मांतराला जोर येईल म्हणून काही हिंदू संघटना नाराज होत्या, तर गोवा १९६१ मध्ये हातचा गेल्यामुळे पोर्तुगाल सरकार पोपवर चिडले होते. दोन टोकांचे लोक एकाच पाहुण्यावर रागावलेले!

मला त्या परिषदेतली खरी अडचण वेगळीच वाटते. ते वर्ष अन्नटंचाईचे होते. अमेरिकेचा गहू बोटींतून येत होता आणि लोक शिधापत्रिका घेऊन रांगेत उभे होते. वर्षभरातच शास्त्रीजींना देशाला आठवड्यातून एक जेवण सोडायला सांगावे लागले. अशा देशात गव्हाची चकती सोन्याच्या पात्रात ठेवून तिच्यापुढे गुडघे टेकायचे? जेवायला बसताना अन्नाला पूर्णब्रह्म म्हणणाऱ्याला ते चुकीचे वाटणार नाही, पण रिकाम्या ताटासमोर बसलेल्याने काय समजायचे? पोपनाही हे जाणवले असावे. ४ डिसेंबरला पत्रकारांसमोर त्यांनी आवाहन केले, की देशांनी शस्त्रांवरचा खर्च थोडा कमी करून तो पैसा गरीब देशांसाठीच्या जागतिक निधीत घालावा. १९६७ च्या ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’ या परिपत्रकात मुंबईच्या त्या आवाहनाची त्यांनी पुन्हा आठवण दिली. परतताना आपली पांढरी लिंकन मोटार ते मदर तेरेसांना देऊन गेले. मदरनी तिच्यावर सोडत काढली आणि आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या वसाहतीला लावला. शस्त्रांवरचा खर्च काही कमी झाला नाही. मोटारीचे मात्र सोने झाले.

मुंबईत दुसऱ्या धर्मांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना पोपनी उपनिषदातल्या प्रार्थनेचा आधार घेतला होता. तो वारा पुढेही वाहिला. १९६९ मध्ये भारतीय बिशपांच्या विनंतीवरून रोमने उपासनेतल्या बारा भारतीय बदलांना मान्यता दिली: चपला बाहेर काढणे, जमिनीवर बसणे, गुडघा टेकण्याऐवजी हात जोडून वाकणे, समईचा दिवा, उदबत्ती, आरती. काही जुन्या कॅथलिकांना हे हिंदू वळण रुचले नाही, आणि काही हिंदूंना हे धर्मांतराचे नवे सोंग वाटले. मला यातले कुठलेच मत पुरेसे वाटत नाही. पुणे धर्मप्रांताचे २००९ ते २०२३ या काळातले बिशप थॉमस डाबरे मूळचे वसईकर, आणि त्यांचा प्रबंध तुकोबांच्या ईश्वरानुभवावर आहे. ज्याने तुकोबांचा देहभर अनुभवलेला विठ्ठल अभ्यासला, त्याने साक्रामेंतापुढे हात जोडले तर ते सोंग कसे म्हणायचे?

जिथे माणसाने स्वतः हजर राहायचे, अशा उपासनेचे पुढे टाळेबंदीत काय झाले, तेही सांगण्यासारखे आहे. पॅरिसच्या माँमार्त्र टेकडीवरच्या चर्चमध्ये १८८५ पासून रात्रंदिवस आराधना चालू आहे. महायुद्धांतही ती थांबली नाही. २०२० मध्ये मात्र जगभर दारे बंद झाली. २७ मार्चच्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस रोममधल्या संत पीटरच्या रिकाम्या चौकात आले. पाऊस पडत होता. चर्चच्या दाराशी उभे राहून त्यांनी सोनेरी पात्र उचलले आणि ओल्या, निर्मनुष्य फरसबंदीवर आशीर्वादाची खूण केली. त्याच वर्षी ज्येष्ठ-आषाढात तुकोबांच्या पादुका एसटीच्या बसने पंढरीला गेल्या आणि आमच्या भागातले रिंगण झाले नाही.

त्या दिवसांत आमच्या शेजारच्या वसईकर घरात रात्री आठ ते नऊ मोबाइल भिंतीला टेकवून ठेवलेला असे, आणि त्याच्या पडद्यावर ते किरणांचे पात्र. प्रसाद पडद्यातून मिळत नाही, हे त्या घरातल्या आजींना पक्के ठाऊक होते. “मुखदर्शन तरी होतंय,” त्या म्हणाल्या. शब्द पंढरपूरचाच. नऊला मोबाइलचा गजर वाजला की त्या केरळी शेजारणीला फोन करीत, “माझा तास झाला, आता तुमचा.”