बोलणे की आकडा? : टचटोनची सहा दशके

8 मार्च 2022 रोजी रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी ‘यूपीआय 123पे’ या सेवेचे उद्घाटन केले. इंटरनेट नसलेल्या साध्या फोनवरूनही पैसे पाठवता यावेत, हा तिचा हेतू. असे फोन वापरणारे देशात 40 कोटींहून अधिक आहेत, असा अंदाज तेव्हा मांडला गेला होता. सेवेच्या चार मार्गांपैकी एक अगदी साधा आहे: ठरलेला क्रमांक लावायचा, ध्वनिमुद्रित सूचना ऐकायच्या आणि बटणे दाबून रक्कम व पिन कळवायचा. एकविसाव्या शतकातील या व्यवहाराचे तंत्र मात्र 1963 सालचे आहे.

त्यापूर्वी आकडा म्हणजे विद्युतप्रवाहात पडलेला खंड. तबकडी फिरवून ‘7’ लावला की प्रवाह सात वेळा तुटे आणि एक्स्चेंजमधील यंत्र ते मोजे. हे खंड एक्स्चेंजपर्यंतच्या तारेवर ठीक होते. दूर पल्ल्याच्या किंवा रेडिओच्या दुव्यावरून ते जसेच्या तसे जात नसत. तेथून जाई तो फक्त आवाज, म्हणजे साधारण 300 ते 3400 हर्ट्झमधील कंपने. म्हणून बेल प्रयोगशाळेतील अभियंत्यांनी आकड्यालाच आवाज केले. 18 नोव्हेंबर 1963 रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, कार्नेगी आणि ग्रीन्सबर्ग येथे ही ‘टचटोन’ सेवा ग्राहकांसाठी सुरू झाली.

येथेच मूळ अडचण उभी राहिली. बोलणे आणि आकडा एकाच वाटेने येणार असतील, तर यंत्राने दोन्ही वेगळे कसे ओळखायचे?

उत्तर वारंवारतांच्या निवडीत होते. प्रत्येक बटण एकाच वेळी दोन शुद्ध स्वर काढते: आडव्या ओळीचा एक (697, 770, 852 किंवा 941 हर्ट्झ) आणि उभ्या ओळीचा एक (1209, 1336, 1477 किंवा 1633 हर्ट्झ). मानवी स्वरात मूळ वारंवारतेच्या पटीतील कंपनेही असतात. म्हणून एका स्वराची पट दुसऱ्या स्वरावर पडू नये, अशी ही रचना आहे. 697 ची दुप्पट 1394. ती 1336 पेक्षा सुमारे 4.3 टक्क्यांनी जास्त. ग्राहक यंत्र साधारण दीड टक्क्यापर्यंतचा फरक स्वीकारते आणि साडेतीन टक्क्यांपलीकडचा नाकारते. तरीही क्वचित एखाद्याच्या बोलण्यातच यंत्राला आकडा ऐकू येतो. या दोषाला अभियंते ‘टॉक-ऑफ’ म्हणतात.

रेडिओ आणि दूरध्वनी जोडताना हा प्रश्न अधिक बिकट झाला. टेक्सासच्या थॉमस कार्टर यांच्या ‘कार्टरफोन’मध्ये दूरध्वनीचा रिसीव्हर एका खाचेत ठेवत, जोडणी विद्युत नव्हे, केवळ ध्वनीची असे, आणि क्रमांक लावायला केंद्रावर माणूस लागे. दूरध्वनी कंपनीचा विरोध बाजूला सारून अमेरिकेच्या संघराज्य दळणवळण आयोगाने 26 जून 1968 रोजी त्याला मान्यता दिली. पुढे हौशी रेडिओचालकांच्या रिपीटरांवर ‘ऑटोपॅच’ आले आणि हातातील संचाची बटणे दाबून थेट क्रमांक लावता येऊ लागला. माणसाची जागा टचटोनने घेतली.

अशा उपकरणाची जुळवणी हा भौतिकशास्त्राचाच धडा असे. प्रक्षेपक सुरू होऊन पलीकडचा संच जागा होईपर्यंत काही क्षण जातात; लगेच स्वर सोडला तर पहिला आकडा हरवतो. म्हणून आधी विराम ठेवावा लागे. एफएम प्रक्षेपक उंच स्वर मुद्दाम वाढवून पाठवतो आणि ग्राहक संच ते तितकेच कमी करतो. हे कमी करणे राहून गेले तर ‘1’ या बटणाचा 1209 हर्ट्झचा स्वर 697 हर्ट्झच्या जोडीदारापेक्षा सुमारे 4.8 डेसिबलने चढा येतो, आणि अमेरिकी दूरध्वनी जाळ्याच्या निकषात उंच स्वराला सवलत होती 4 डेसिबलची. कालावधीचेही तसेच. सुमारे 40 मिलिसेकंद टिकलेला स्वर आकडा मानतात. ही मर्यादा घटवली तर बोलण्याचे आकडे होतात. फार वाढवली तर चपळ बोटांचे आकडे गळतात.

भारतात तबकडीच्या काळातील एक्स्चेंजना स्वर कळत नसत; म्हणून बटणांच्या फोनवरही टोन आणि पल्स यांतील निवडीची खटकी असे. 1995 मध्ये मोबाइल आला, तोवर युरोपातील जीएसएम प्रणालीने निराळाच मार्ग काढला होता. त्या प्रणालीत मानवी कंठमार्गाचे गणिती प्रतिमान वापरून आवाज सेकंदाला 64,000 ऐवजी 13,000 बिटांत बसवतात. शुद्ध स्वरांची जोडी या प्रतिमानात नीट बसत नाही, विकृत होते. म्हणून बटण दाबल्यावर फोन स्वर पाठवतच नाही. ‘बटण दाबले’, ‘बटण सोडले’ असे संदेश तो वेगळ्या मार्गाने पाठवतो आणि खरा स्वर कंपनीच्या स्विचमध्ये तयार होतो. कानाशी येणारा नाद केवळ वापरणाऱ्याच्या खात्रीसाठी असतो. इंटरनेटवरून जाणाऱ्या कॉलसाठीही 2000 साली अशीच संदेशपद्धती प्रमाणित झाली. जुळवणी चुकून स्वर आणि संदेश दोन्ही पुढे गेले, तर तेथे एकच आकडा दोनदा मोजला जाऊ शकतो.

रकमेतील एक शून्य दोनदा मोजले गेले, तर 500 चे 5000 होतात. म्हणून असे व्यवहार पूर्ण करण्याआधी रक्कम पुन्हा वाचून दाखवणे महत्त्वाचे ठरते. दुसरा धोका गोपनीयतेचा. टचटोन ही गुप्त लिपी नव्हे; तिच्या आठ वारंवारता जगजाहीर आहेत आणि साध्या संगणकी आज्ञावलीने त्या ओळखता येतात. ज्या ध्वनिमुद्रणात पिनचे स्वर स्पष्ट आहेत, त्यात पिनही आहे. त्यामुळे मुद्रणातून हे स्वर झाकण्याची पद्धत काही सेवांमध्ये वापरली जाते.

1963 मध्ये या स्वरांवर फक्त क्रमांक लावण्याचे काम सोपवले होते, आणि चुकलेला क्रमांक पुन्हा लावता येत असे. आज त्याच आठ वारंवारतांवर इंटरनेट नसलेल्या माणसाची कमाई प्रवास करते. विरामाचे, डेसिबलचे आणि मिलिसेकंदांचे ते जुने हिशेब म्हणूनच अजून काटेकोर ठेवावे लागतात.