अन्ननलिकेचे अस्तर आणि आम्ल

जठरातील आम्ल पुन्हापुन्हा उलटे चढून अन्ननलिकेत रेंगाळले, की तिच्या आतल्या आवरणात होणाऱ्या बदलांचा विचार या नोंदीत केला आहे. विकाराचे वैद्यकीय नाव जठर-अन्ननलिका प्रत्यावहन. दवाखान्यात त्याला ‘जीईआरडी’ किंवा नुसते ‘रिफ्लक्स’ म्हणतात. घरात मात्र ‘घशाशी आलं’, ‘छातीत जळजळतंय’, ‘पित्त उसळलं’ एवढेच म्हणतात. यातला ‘पित्त’ हा शब्द फसवा आहे. आधुनिक वैद्यकात पित्त यकृतात तयार होते आणि जळजळीचा मुख्य धनी असतो जठररसातील हायड्रोक्लोरिक आम्ल. आयुर्वेदाने मात्र आंबटपणा आणि दाह एकत्रच पाहिले; ‘माधवनिदाना’त आम्लपित्तावर स्वतंत्र अध्याय आहे.

रचना : अन्ननलिका सुमारे 25 सेंमी. लांब असते. तिचे अस्तर तोंडाच्या आतल्या आवरणासारखे, चपट्या पेशींच्या अनेक थरांचे असते. घास घासून गेला तरी ते टिकते, पण आम्लासाठी ते बनलेले नाही. जठराचे अस्तर वेगळे, उभ्या पेशींच्या एकाच थराचे. त्यावर श्लेष्म्याचा जाड लेप असतो. दोन्ही अस्तरे जिथे भेटतात तिथे एक वेडीवाकडी सीमारेषा दिसते. या सीमेवरची राखण दोघांकडे असते. अन्ननलिकेच्या तळाशी स्नायूंचे एक कडे असते आणि त्याला बाहेरून श्वासपटलाच्या स्नायूंचा विळखा असतो. दोन्ही एकमेकांवर नीट बसले, तर दार घट्ट मिटते. जठराचा वरचा भाग छातीत सरकला, म्हणजे हायटस हर्निया झाला, की ही जोडी फुटते आणि दार किलकिले राहते.

दार अधूनमधून उघडते ते निरोगी माणसातही. जेवणानंतर जठर फुगले, की ढेकर बाहेर पडावा म्हणून कडे काही सेकंद सैल पडते आणि त्या संधीत थोडे आम्ल वर येते. एका लाटेत अन्ननलिका ते खाली ढकलते. उरलेला आंबटपणा लाळ मारते, कारण लाळेत बायकार्बोनेट असते. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, गिळणेही क्वचित होते. म्हणून रात्री वर आलेले थोडेसे आम्लही दिवसाच्या आम्लापेक्षा जास्त वेळ अस्तराला चिकटून राहते.

वेळेचे माप : आम्ल किती वेळा वर आले, त्यापेक्षा किती वेळ थांबले याला महत्त्व आहे. जॉन्सन आणि डीमीस्टर यांनी 1974 मध्ये चोवीस तासांच्या पीएच-मापनाची पद्धत रूढ केली. नाकातून घातलेल्या बारीक नळीचे टोक स्नायूंच्या कड्याच्या 5 सेंमी. वर ठेवतात आणि पीएच 4 च्या खाली गेलेला सगळा वेळ मोजतात. आजच्या निकषांनुसार हा वेळ दिवसाच्या 4 टक्क्यांपर्यंत, म्हणजे सुमारे 58 मिनिटांपर्यंत असेल, तर तो सामान्य धरतात. 6 टक्क्यांच्या वर, म्हणजे साधारण 86 मिनिटांच्या पुढे गेला, तर विकार निश्चित मानतात. मधला पट्टा संशयाचा. तिथे इतर चाचण्या लागतात.

अस्तरातील बदल : पहिला बदल डोळ्यांना दिसतच नाही. पेशी-पेशींना बांधून ठेवणारे सांधे सैल होतात आणि त्यांच्यामधल्या फटी रुंदावतात. या फटींतून आम्ल खोल उतरते आणि चेतातंतूंच्या टोकांना भिडते. म्हणूनच दुर्बिणीत अस्तर गुळगुळीत दिसत असूनही रुग्ण जळजळीने हैराण असू शकतो. रिफ्लक्सच्या निम्म्याहून अधिक रुग्णांत व्रण दिसत नाहीत, ते यामुळेच. पुढे तळच्या पेशी झपाट्याने वाढू लागतात, तो थर जाड होतो आणि खालच्या संयोजी ऊतीचे उंचवटे पृष्ठभागाच्या जवळ येतात.

अमेरिकी डॉक्टर ॲशर विंकेलस्टाइन यांनी 1935 मध्ये जठररसामुळे होणारा अन्ननलिकादाह स्वतंत्र विकार म्हणून मांडला. तेव्हापासून सत्तरेक वर्षे समजूत अशी होती, की आम्लाने त्वचा भाजावी तसे अस्तर वरून खाली भाजत जाते. 2009 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांनी या समजुतीला धक्का दिला. रिफ्लक्स सुरू केल्यावर श्वेतपेशी आधी खोल थरात जमल्या. पृष्ठभागावरचे व्रण काही आठवड्यांनी आले. 2016 मध्ये डॅलसच्या संशोधकांनी हेच माणसांत तपासले. औषधाने व्रण भरलेल्या 12 रुग्णांचे औषध दोन आठवडे थांबवले, तेव्हा टी-लसीका पेशींची गर्दी आणि तळच्या थराची वाढ आढळली, पण अस्तराचा वरचा थर जळालेला नव्हता. म्हणजे आम्ल पेशींना चिथावते, पेशी रासायनिक हाका देतात आणि नासधूस बरीचशी शरीराच्याच दाहपेशी करतात, असा अर्थ त्यातून निघतो.

व्रणांच्या श्रेणी : एन्डोस्कोपीत व्रण दिसले, तर ‘लॉस एंजेलिस’ वर्गीकरणाने त्यांना अ, ब, क, ड अशा श्रेणी देतात. 5 मिमी.पर्यंतची चीर ‘अ’, त्याहून लांब, पण एकाच घडीवरची ‘ब’, घड्या ओलांडणारी, पण परिघाच्या पाऊण भागापेक्षा कमी ती ‘क’, त्यापुढे ‘ड’. खोल व्रण भरताना व्रणऊती आकसते आणि नळी अरुंद होते. मग रुग्ण भाकरीचा घास पाण्याच्या घोटाबरोबर उतरवू लागतो.

काहींच्या बाबतीत अस्तर जातच बदलते. चपट्या पेशींच्या जागी आतड्यासारख्या उभ्या पेशी उगवतात. ब्रिटिश शल्यचिकित्सक नॉर्मन बॅरेट यांच्या नावाने हा बदल ओळखला जातो. नवे अस्तर आम्लाला जास्त सोसते, पण त्यातून ग्रंथींचा कर्करोग होण्याची थोडी शक्यता राहते. भारतात अन्ननलिकेच्या कर्करोगात चपट्या पेशींचाच प्रकार अधिक आढळतो. त्याचे धागे तंबाखू आणि दारूशी जुळतात.

मावळातील संदर्भ : भारतीय जठरांत्रशास्त्र संघटनेच्या अभ्यासगटाने 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 3,224 पैकी 245 जणांना, म्हणजे 7.6 टक्क्यांना, आठवड्यातून एकदा तरी जळजळ किंवा घशाशी येण्याचा त्रास होता. मावळातल्या लोणावळ्याच्या पावसाळी सहलीत या त्रासाची बरीच सामग्री एकत्र येते. भुशी धरणाजवळ गरमागरम भजी, वडापाव, वर चहा, आणि परतीच्या वाटेवर गाडीत मागे रेलून डुलकी. तेलकट खाण्याने कडे सैल पडते आणि जठर उशिरा रिकामे होते. वडापावबरोबरच्या मिरचीची गोष्ट निराळी आहे. तिच्यातील कॅप्सेसिन चेतातंतूंवरच्या ज्या ग्राहकाला चेतवते, त्यालाच आम्लही चेतवते. त्यामुळे आम्ल वर न येताही तिखटाने छाती पेटल्यासारखी वाटते. मावळच्या खाचरांत भातलावणी करताना तासन्‌तास कमरेत वाकावे लागते. पोटभर न्याहारीनंतर असे वाकले, की पोटातला दाब वाढतो आणि कमकुवत दारावर ताण येतो. कमरेला आवळलेल्या पट्ट्यानेही हेच होते, असे ग्लासगोतील प्रयोगांत आढळले.

पोटातल्या दाबाचा अभ्यास लोणावळ्याला नवा नाही. स्वामी कुवलयानंद, मूळचे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी 1920-21 च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात उड्डियान आणि नौली या पोटाच्या योगक्रिया उपकरणांनी तपासल्या आणि 1924 मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले. ‘योगमीमांसा’ हे नियतकालिकही त्याच वर्षीचे. नौलीत मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, हे त्यांनी दाखवले आणि गुरू माधवदासांच्या नावावरून त्याला ‘माधवदास व्हॅक्यूम’ म्हटले. रिफ्लक्स हा त्यांचा विषय नव्हता. पण श्वास, श्वासपटल आणि पोटातला दाब यांचे नाते मोजून पाहण्याची ती वाट पुढे या विकारापर्यंत पोचते. 2012 मध्ये ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे 19 रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात चार आठवडे पोटाने श्वास घेण्याचा सराव केलेल्या गटात आम्लाचा वेळ 9.1 टक्क्यांवरून 4.7 टक्क्यांवर आला. चाचणी छोटी होती आणि तिच्यात उड्डियान-नौली नव्हत्या. वमनधौती या उलटी काढण्याच्या योगक्रियेत तर आम्ल मुद्दाम वर आणले जाते. व्रण किंवा हर्निया असलेल्यांना ती वर्ज्य सांगतात.

उपचार : रात्रीचे जेवण झोपण्याच्या तीन तास आधी, पलंगाची उशाकडची बाजू 15 सेंमी. उंच, डाव्या कुशीवर झोप आणि पोटाचा घेर कमी, हे पहिले उपाय. ओमेप्राझोलच्या कुळातील गोळ्या आम्ल तयार करणारे पंप बंद करतात. पंप जेवणाने जागे होतात, म्हणून गोळी न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्यायची असते. आठ आठवड्यांत बहुतेकांचे व्रण भरतात. बॅरेटचे अस्तर मात्र गोळ्यांनी सहसा पूर्ववत होत नाही. पेशींत विकृती नसेल आणि पट्टा 3 सेंमी.पेक्षा लहान असेल तर दर पाच वर्षांनी, मोठा असेल तर दर तीन वर्षांनी एन्डोस्कोपी करून त्याचे तुकडे तपासतात.