विद्युत मोटारीच्या चार्जिंगचा खर्च

विद्युत मोटारीच्या चार्जिंगचा खर्च म्हणजे मोटारीची बॅटरी चार्ज करण्यासाठी लागलेल्या विजेची किंमत आणि त्यावरील कर, शुल्क व सेवाआकार यांची बेरीज होय. तो प्रति युनिट (किलोवॅट-तास) किंवा प्रति किलोमीटर सांगितला जातो. महाराष्ट्रात हा खर्च मोटार कोणती आहे यापेक्षा ती कोठे चार्ज केली जाते यावर अधिक अवलंबून असतो. एकाच मोटारीसाठी घरच्या आणि सार्वजनिक केंद्रावरील खर्चात दुपटीचा फरक पडू शकतो.

गणना

मीटरवर नोंदली जाणारी सर्व वीज बॅटरीत साठत नाही. घरगुती प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर होताना साधारण १० ते १५ टक्के वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते. जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीच्या बॅटरीची क्षमता ३०.२ युनिट आणि प्रमाणित पल्ला ३१२ किलोमीटर होता. ही बॅटरी घरी पूर्ण भरण्यास सुमारे ३४ युनिट लागतात. प्रमाणित पल्ला प्रयोगशाळेतील चाचणीचा असल्याने हिशेबासाठी तो कमी धरणे योग्य. पल्ला २०० किलोमीटर आणि वीजदर १० रुपये धरल्यास एका चार्जिंगचा खर्च ३४० रुपये, म्हणजे प्रति किलोमीटर १.७० रुपये येतो. लिटरला १५ किलोमीटर धावणाऱ्या पेट्रोल मोटारीस १०४ रुपये दराने सुमारे ७ रुपये लागतात.

घरगुती चार्जिंग

राज्यातील वीजदर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो. महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० पेक्षा अधिक युनिट असे टप्पे असून वापर वाढेल तसा वरच्या युनिटांचा दर चढत जातो. त्यावर वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क लागते. महिन्याला १,००० किलोमीटर धावणारी वरील मोटार सुमारे १७० युनिट घेते. मूळ वापर २०० युनिट असलेल्या घराचा वापर त्यामुळे ३७० युनिटांवर जातो आणि मोटारीची बरीचशी वीज ३०० युनिटांपुढील महाग टप्प्यात पडते. म्हणून बिलाच्या सरासरी दराने काढलेला मोटारीचा खर्च प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. ही चूक जाहिरातींतील आकडेमोडीत वारंवार आढळते.

आयोगाने २०१८ मध्ये विद्युत वाहन चार्जिंगसाठी स्वतंत्र ग्राहकवर्ग निर्माण केला. या वर्गाची वेगळी जोडणी घेतल्यास घरगुती टप्पे लागू होत नाहीत. शेतीपंपाच्या सवलतीच्या जोडणीवर मात्र मोटार चार्ज करता येत नाही. मंजूर प्रयोजनाबाहेरचा वापर विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ अन्वये अनधिकृत ठरतो आणि त्याची आकारणी लागू दराच्या दुपटीने होते.

सार्वजनिक चार्जिंग

चार्जिंग केंद्र चालविण्यास वीज वितरणाचा परवाना लागत नाही, असे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये स्पष्ट केले आणि खाजगी केंद्रांचा मार्ग मोकळा झाला. जलद केंद्रांच्या दरात विजेखेरीज यंत्रसामग्री, जागा व देखभाल यांचा खर्च येतो आणि वर १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. वाहनाच्या खरेदीवर हा कर ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे. चार्जिंगच्या सेवेला तशी सवलत नाही. प्रति युनिट २० रुपये दर असल्यास करासह २३.६० रुपये पडतात आणि वरील मोटारीचा खर्च प्रति किलोमीटर सुमारे ३.५५ रुपयांवर जातो.

शहरात या फरकाचा भार ज्यांच्याकडे स्वतःच्या मीटरला जोडता येईल अशी वाहनतळाची जागा नाही त्यांच्यावर पडतो. रस्त्याकडेला गाडी उभी करणाऱ्या भाडेकरूस स्वस्त घरगुती वीज उपलब्ध असूनही ती गाडीपर्यंत नेता येत नाही.

तिसगावचे उदाहरण

पाथर्डी तालुक्यातील तिसगाव हे राष्ट्रीय महामार्ग ६१ वर, अहिल्यानगरपासून सुमारे ४० आणि पुण्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर आहे. २०० किलोमीटर पल्ल्याची मोटार पुण्याहून एका चार्जिंगमध्ये येथे पोहोचते. परतीसाठी ती पुन्हा भरावी लागते. अंगणात १५ अँपिअरचा प्लग आणि योग्य अर्थिंग असल्यास ३.३ किलोवॅटच्या चार्जरने खर्ची पडलेली वीज आठ-साडेआठ तासांत भरून निघते. त्यास सुमारे २७ युनिट, म्हणजे १० रुपये दराने २७० रुपये लागतात. हीच भर जलद केंद्रावर २४ युनिटांची, करासह सुमारे ५७० रुपयांची होते, पण तिला वेळ बराच कमी लागतो. वाटेतील करंजी घाटाच्या चढामुळे वीज अधिक खर्च होते. उतारावर गतिरोधनातून तिचा काही अंश बॅटरीत परत येतो. रात्रीच्या चार्जिंगला खंडित पुरवठा आणि कमी विद्युतदाब ही ग्रामीण भागातील मुख्य अडचण असते. दाब कमी असल्यास चार्जर कमी शक्तीने चालतो किंवा बंद पडतो आणि सकाळी निघण्याचा बेत बदलावा लागतो.