घरोघरी दुरुस्तीची कामं करताय? मग कोणता परवाना लागतो आणि कोणता विमा हवाच?

नळ गळतोय, पंखा बसवायचा आहे, दाराची कडी तुटली आहे. अशी बारीकसारीक कामं करणाऱ्या माणसाचा नंबर आज प्रत्येक सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सापडतो. एक ड्रिल मशीन, हत्यारांची पिशवी आणि दुचाकी एवढ्यावर धंदा सुरू होतो. कागदपत्रांचा विषय मात्र "नंतर बघू" म्हणून मागे पडतो आणि अपघात झाला की तोच आधी समोर येतो.

महाराष्ट्रात असा छोटा धंदा करायचा तर काय काय लागतं, ते समजून घेऊया.

'हँडीमन'चा वेगळा परवाना असतो का?

नाही. सगळ्या दुरुस्तीकामांसाठी एकच परवाना अशी सोय आपल्याकडे नाही. काही कागद धंद्याचे असतात, काही परवाने कामाचे. हे दोन वेगळे विषय आहेत.

धंद्याचे कागद कोणते?

गुमास्ता : २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वीसपेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी लागत नाही. धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत ऑनलाइन सूचना द्यायची असते. बँकेत धंद्याच्या नावाने चालू खातं उघडताना बहुतेक वेळा हाच कागद मागतात.

उद्यम नोंदणी : सक्तीची नाही, पण कर्ज आणि सरकारी योजनांसाठी उपयोगी. आधारवर होते आणि पूर्णपणे मोफत आहे. यासाठी कुणी पैसे मागितले तर तो एजंट आहे, सरकार नाही.

व्यवसाय कर : स्वतःचा धंदा करणाऱ्याला साधारणपणे वर्षाला २,५०० रुपये.

जीएसटी : सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की नोंदणी लागते. इथे उलाढाल म्हणजे नफा नव्हे, एकूण बिलं. अ‍ॅपवरून प्लंबिंग-सुतारकामाची कामं घेणारा कारागीर या मर्यादेच्या आत असेल, तर त्या कामांवरचा जीएसटी अ‍ॅपवाली कंपनी भरते.

कामाचा परवाना कुठे लागतो?

सुतारकाम, पडदे, रंगकाम, कुलपं यासाठी स्वतंत्र परवाना लागत नाही. वीज आणि पाणी या दोन ठिकाणी मात्र गोष्ट वेगळी आहे.

वीज : बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच किंवा घरातलं उपकरण बदलायचं असेल आणि त्याने वायरिंगची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल, तर त्या कामाला सूट आहे. नवीन पॉइंट काढणं, एसीसाठी वेगळी लाइन ओढणं, मीटरपासून वायरिंग बदलणं ही कामं मात्र सरकारमान्य विद्युत ठेकेदारामार्फत, परवानाधारक पर्यवेक्षक आणि वायरमनकडूनच व्हायला हवीत. "दहा वर्षांचा अनुभव आहे" हे परवान्याला पर्यायी उत्तर नाही.

पाणी : गळका नळ बदलायला काही लागत नाही. नवीन नळजोडणी घेणं किंवा पालिकेच्या लाइनवर काम करणं यासाठी मुंबईसारख्या महापालिका स्वतःकडचा परवानाधारक प्लंबरच मागतात.

असं काम अंगावर आलं तर परवानाधारक माणसाला सोबत घ्या किंवा सरळ नाही म्हणा. विनापरवाना केलेल्या वायरिंगमुळे आग लागली, तर विमा कंपनीला दावा नाकारायला आयतं कारण मिळू शकतं.

आता मुद्दा विम्याचा

समजा, तुम्ही २५ वर्षांचा एक हेल्पर ठेवला. पगार महिना १५ हजार. काम करताना तो शिडीवरून पडला आणि दगावला. अशा वेळी भरपाई द्यायची जबाबदारी कायद्याने मालकाची असते, म्हणजे तुमची.

हिशेब असा : पगाराचा ५० टक्के भाग, गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. २५ व्या वर्षासाठी तो २१६.९१ आहे. म्हणजे ७,५०० × २१६.९१ = १६ लाख २६ हजार ८२५ रुपये.

हा नियम आधी १९२३ च्या कायद्यात होता. आता तो सामाजिक सुरक्षा संहितेत आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. लेखी करार नव्हता किंवा रोजंदारीवर होता, एवढ्यावरून मालकाची सुटका होत नाही.

म्हणून एक जरी माणूस हाताखाली असेल तरी कामगार भरपाई पॉलिसी घ्या. बाजारात तिला अजूनही 'डब्ल्यूसी पॉलिसी' म्हणतात. कामगारांची संख्या, पगार आणि कामाचं स्वरूप खरं सांगा. उंचीवर काम करणाऱ्याला 'ऑफिस स्टाफ' दाखवून हप्ता वाचवला, तर दाव्याच्या वेळी तेच अंगाशी येतं.

बाकी कोणता विमा बघावा?

तिऱ्हाईताच्या नुकसानीचा विमा : ड्रिल करताना भिंतीतला पाइप फुटला आणि खालच्या घरातलं छत खराब झालं, तर ते नुकसान या पॉलिसीतून भरून निघू शकतं. तुमचं चुकलेलं काम पुन्हा करून देण्याचा खर्च मात्र सहसा यात येत नाही.

स्वतःचा अपघात विमा : एकट्याने काम करणाऱ्याला भरपाई देणारा मालकच नसतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयोगटातल्या बँक खातेदाराला वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचं संरक्षण मिळतं. मात्र हात मोडून दोन महिने घरी बसावं लागलं, तर त्यात काही मिळत नाही. त्यासाठी वेगळी वैयक्तिक अपघात पॉलिसी लागते आणि तिच्यात बुडालेल्या रोजगाराची भरपाई आहे का, हे विचारून घ्यावं लागतं.

गाडीचा विमा : थर्ड पार्टी विमा कायद्यानेच सक्तीचा आहे. त्यात गाडीवरची हत्यारं मात्र येत नाहीत.

तुम्ही ग्राहक असाल तर?

वायरिंगचं काम देण्याआधी परवाना दाखवायला सांगा आणि पक्कं बिल घ्या. पैसे घेऊन दिलेली सेवा सदोष निघाली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते आणि तिथे बिल हाच मोठा पुरावा ठरतो.

थोडक्यात सांगायचं तर, सुरुवातीला सगळंच एकदम जमणार नाही. पण क्रम लक्षात ठेवा : एकटे असाल तर आधी स्वतःचा अपघात विमा, हेल्पर ठेवायचा असेल तर तो कामाला लागायच्या आधी डब्ल्यूसी पॉलिसी, आणि परवाना नसलेल्या वायरिंगला हात नाही.