‘वरचे दूध’: एका जोडआहाराचा इतिहास

१/ तान्ह्या बाळाला आईच्या दुधाखेरीज जे दूध पाजले जाते, त्याला मराठी घरांत ‘वरचे दूध’ म्हणतात. मग ते गाईचे असो, शेळीचे असो वा डब्यातील पावडरीचे. आईचे दूध मुख्य आणि कमी पडेल तेवढेच वरून, असा या शब्दाचा रोख आहे. गेल्या दीडशे वर्षांत हा क्रम उलटला. तो पुन्हा सुलट करण्यासाठी जगाला मोठा झगडा करावा लागला.

२/ आरंभ सद्‌हेतूने झाला. १८६५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिख यांनी गव्हाचे पीठ, माल्ट, गाईचे दूध व पोटॅशियम बायकार्बोनेट यांपासून बाळांसाठी आहार सिद्ध केला. १८६७ मध्ये स्वित्झर्लंडमधील वेवे येथे हेन्री नेस्ले यांनी दूध, गव्हाचे पीठ व साखर यांची भुकटी विक्रीस आणली. ज्यांना आईचे दूध मिळत नव्हते, अशा बाळांचा प्रश्न खराच होता.

३/ भारतापुढची अडचण वेगळी होती. येथे दूध प्रामुख्याने म्हशीचे. त्यात स्निग्धांश व केसीन अधिक, म्हणून ते तान्ह्याला जड. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने म्हशीच्या दुधापासून शिशुआहार बनवण्याची पद्धत विकसित केली आणि आणंदच्या सहकारी दूधसंघाने त्याचे उत्पादन सुरू केले. आयातीवरील अवलंबन त्यामुळे घटले.

४/ परंतु जोडआहारात एक शारीरिक गुंता आहे. स्तन जितके रिकामे होतात, त्या मानाने पुढचे दूध तयार होते. बाटलीने बाळाचे पोट भरले की ते अंगावर कमी पिते. ते कमी प्यायले की दूध कमी येते. आणि दूध कमी आले की बाटली वाढते. ‘दूध पुरत नाही’ ही नुसती शंका अशा रीतीने काही आठवड्यांत वस्तुस्थिती होऊन बसते.

५/ गरिबाघरी याचे मोल जिवाने चुकवावे लागे. डबा महाग, म्हणून भुकटी कमी आणि पाणी जास्त. त्यातही पाणी अशुद्ध. परिणाम कुपोषण आणि अतिसार. १९३९ मध्ये डॉ. सिसिली विल्यम्स यांनी सिंगापूरच्या रोटरी क्लबमध्ये यावर भाषण केले. त्याचे शीर्षकच ‘दूध आणि खून’ असे होते. बाळांना गोड डबाबंद दूध पाजण्याच्या चुकीच्या प्रचारावर त्यांचा रोष होता.

६/ १९७४ मध्ये ब्रिटनमधील ‘वॉर ऑन वाँट’ या संस्थेने ‘द बेबी किलर’ ही पुस्तिका काढली. १९७७ मध्ये अमेरिकेतून नेस्लेवर बहिष्काराची चळवळ उभी राहिली. मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने मातृदुग्धाच्या पर्यायांच्या विक्रीसंबंधी आंतरराष्ट्रीय संहिता संमत केली: बाजूने ११८ मते, विरोधात एकच, अमेरिकेचे.

७/ भारताने १९८३ मध्ये राष्ट्रीय संहिता स्वीकारली आणि १९९२ मध्ये कायदा केला. तो १ ऑगस्ट १९९३ पासून अमलात आला. शिशुदुग्धाच्या जाहिराती, मोफत नमुने आणि डब्यावरील बाळाचे चित्र यांस मनाई झाली. २००३ च्या दुरुस्तीने बंधने अधिक कडक केली.

८/ दरम्यान मुंबईत तिसरी वाट निघाली होती. १९८९ मध्ये शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. ज्यांना अधिक दूध येते अशा मातांचे दूध तपासून, ६२.५ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवून, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना देण्यात येऊ लागले. ‘वरचे दूध’ म्हणजे जनावराचेच, हा समज तेथे मोडला.

९/ वरचे दूध द्यावेच लागले, तर पाळावयाचा क्रम आज ठरलेला आहे: आधी बाळाला अंगावर घ्यावे, मग वैद्यकीय सल्ल्याने लागेल तेवढेच वरून द्यावे, आणि दूध टिकावे म्हणून उरलेले पिळून काढावे. बाटलीऐवजी वाटी-चमचा किंवा चोचीचे भांडे सुचवले जाते. आजीच्या फडताळातले बोंडले ते हेच.

१०/ कायद्याने डब्यावर बंदी घातलेली नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. डबा लागणाऱ्या आईला त्याने अपराधी ठरवले नाही. तो केव्हा आणि किती लागतो, हे विक्रेत्याने ठरवू नये, एवढीच तजवीज त्याने केली.